हेल्मेट वरून धडधाकट दिसतंय, मग बदलायचं कशाला?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती सव्वीस वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. गावापासून लांबच्या एका पतसंस्थेत नोकरीला आहे आणि रोज स्कूटरने ये-जा करते. दहा दिवसांपूर्वी संध्याकाळी घरी येताना, ट्रॉलीतून सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून पुढचं चाक घसरलं आणि ती डाव्या अंगावर पडली. कोपर आणि गुडघा सोलवटला. हेल्मेट डाव्या कानाच्या मागे रस्त्यावर ‘खाडकन’ आपटलं. ती लिहिते, ‘वेग जेमतेम तीस असेल. हेल्मेटला रुपयाएवढी जागा खरवडलीय, काचेवर ओरखडे आलेत, पण तडा कुठेच नाही. दोन-तीन दिवस डोकं जड होतं, एकदा मळमळलं, आता ठीक आहे.’ हेल्मेट बाबांनी तीन वर्षांपूर्वी, तिला नोकरी लागली तेव्हा घेऊन दिलेलं, ३८०० रुपयांचं. बाबा म्हणतात, काच बदल आणि वापर. गॅरेजवाला म्हणतो, शेल शाबूत आहे, बफ मारून देतो. ऑफिसातला सहकारी म्हणतो, एकदा आपटलेलं हेल्मेट फेकूनच द्यायचं असतं. तिला स्वतःला वाटतं की आपण नवीन घ्यावं आणि हे धाकट्या बहिणीला द्यावं. बहीण सकाळी तिच्या मागे बसून एसटी स्टँडपर्यंत येते. ‘मागे बसणाऱ्याला एवढं चालतं ना?’ असं तिने विचारलं आहे.

प्रिय मैत्रिणी,

हेल्मेटचं बोलूच, पण आधी तुझ्या डोक्याचं. डोकं जड होतं, एकदा मळमळलं, असं एका ओळीत लिहून तू पुढे गेलीस. मी त्या ओळीपाशीच थांबले. मेंदूला हादरा बसला की नेमकं हेच होतं. शुद्ध हरपली नाही, रक्त आलं नाही, म्हणजे डोक्याला काही झालं नाही असं आपण धरून चालतो. पण हादरा बसलेल्या बहुतेकांची शुद्ध जातच नाही. बहुतेक जण विश्रांतीने बरेही होतात. तरी कधीकधी कवटीच्या आत सावकाश रक्त साकळत जातं आणि ते काही दिवसांनी, क्वचित आठवड्यांनी लक्षात येतं. वयस्कर माणसांना आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. तुझ्या वयात कमी आहे, पण दहा दिवस झाले आणि तू अजून डॉक्टरांकडे गेलेली नाहीस, असं पत्रावरून दिसतं.

तेव्हा या आठवड्यात जाऊन ये. कोपराचं ड्रेसिंग दाखवायला नव्हे, डोक्याचं सांगायला. जाताना हेल्मेट बरोबर ने आणि खरवडलेली जागा दाखव, म्हणजे मार कुठून आणि कसा बसला ते डॉक्टरांना लगेच कळेल. हे वाचेपर्यंत डोकेदुखी वाढत गेली असेल, उलट्या होत असतील, फार झोप येत असेल, बोलताना शब्द अडत असतील किंवा एका बाजूच्या हातापायातली ताकद गेल्यासारखी वाटत असेल, तर आठवड्याची वाट बघू नकोस. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा, गरज पडली तर १०८ ला फोन कर. स्कूटर स्वतः चालवत मात्र जाऊ नकोस.

तुझ्या हेल्मेटच्या प्रश्नाचं निम्मं उत्तरही त्या ओळीतच आहे. डोकं दोन-तीन दिवस जड राहिलं, याचा अर्थ रस्त्याचा मार वरच्या कवचावर संपला नाही. तो आतल्या थरातून जाऊन तुझ्यापर्यंत पोचला. त्या थराने आपला वाटा उचलला म्हणून तू आज पत्र लिहू शकलीस, आणि उचलताना तो नक्कीच काही ना काही दबला असणार. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते: हे हेल्मेट बदल. आणि बहिणीला देऊ नकोस.

आता का ते सांगते. तुझ्या घरात जे बोलणं चाललंय तसंच ते अनेक घरांत चालतं. सगळे जण हेल्मेटच्या बाहेरून बघतात, आणि त्याचं खरं काम आत असतं.

हेल्मेटचं अस्तर काढलं की काळा किंवा पांढरा, दोन बोटं जाड थर दिसतो. तो थर्माकोलचाच असतो, फक्त जास्त घट्ट. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलवर अंगठा जोरात दाबून बघ. खड्डा पडतो आणि राहतो, तो भरून येत नाही. हेल्मेटला हेच हवं असतं. डोकं रस्त्यावर आदळताना अचानक थांबू नये, थोडं सावकाश थांबावं, म्हणून हा थर चिरडतो आणि चिरडताना मार खाऊन टाकतो. १९५३ साली अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले सी. एफ. लोम्बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याला धक्का शोषणाऱ्या हेल्मेटचं पेटंट मिळालं. त्याआधीच्या हेल्मेटमध्ये भर होता तो कडक टोपणावर आणि आतल्या पट्ट्यांवर. वरचं कवच मार पसरवतं आणि अणकुचीदार वस्तू आत घुसू देत नाही. मार खातो तो आतला थर, आणि एका जागी एकदाच. चिरडलेली जागा पुन्हा तेवढा मार खाऊ शकत नाही.

गॅरेजवाला चुकतोय तो इथे. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. गाडीचं प्लॅस्टिक तो रोज बघतो आणि तडा नसेल तर भाग शाबूत, हा त्याचा अनुभव आहे. पण बाजारातल्या बहुतेक हेल्मेटचं कवच एबीएस प्लॅस्टिकचं असतं आणि ते लवचिक असतं. आपटताना आत दबतं, आतला थर चिरडतं आणि पुन्हा जागेवर येतं. वर राहतो फक्त तुझ्यासारखा रुपयाएवढा डाग. फायबरग्लासचं कवच निदान खूण तरी ठेवतं. रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा किंवा पांढुरका ठिपका दिसतो. बफ मारल्याने तुझ्या हेल्मेटची एकुलती एक खूणही पुसली जाईल. शिवाय पॉलिश करताना थिनर किंवा पेट्रोल लावलं गेलं तर कवच आणि थर्माकोल दोन्ही खराब होतात. हेल्मेटवर स्प्रे रंग मारून घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

‘वेग जेमतेम तीस’ हे वाक्य प्रत्येक पडलेला माणूस म्हणतो, आणि ते बहुधा खरंही असतं. पण डोकं रस्त्यावर किती जोराने आदळतं ते बरंचसं ते किती उंचीवरून खाली येतं यावर ठरतं. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून एखादी गोष्ट सरळ पडली तर जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी १९-२० किलोमीटर होतो. गाडी उभी असताना तोल जाऊन पडलं तरी हेच. आणि युरोपातल्या हेल्मेट चाचणीत लोखंडी ऐरणीवर हेल्मेट आपटतात तो मुख्य वेग सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर असतो. तेव्हा तुझं ते हळूच पडणं हेल्मेटच्या हिशेबाने चांगलं मोठं होतं. गाडी तीसच्या ऐवजी साठने असती तर घसरत लांब गेली असतीस, जखमा भयंकर झाल्या असत्या, पण डोक्याचा पहिला आघात दुप्पट झालाच असता असं नाही. हळू जात होते म्हणून हेल्मेटला काही झालं नसेल, असा हिशेब करू नये.

आत बघायचंच असेल तर बघ, उपयोग होतो. गालाकडच्या गाद्या आणि अस्तर बटणांवर असतं, ते काढ. डाव्या कानामागची जागा खिडकीशी धरून उजव्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून बघ. थर चपटा झालाय का, दाणे दबून चकाकतायत का, केसासारखी चीर आहे का, कवच आणि थर्माकोल यांत फट पडलीय का. दोन्ही बाजूंनी हाताने हलकेच दाबून कान दे, करकर आवाज येतो का. हनुवटीच्या पट्ट्याचे रिव्हेट हलतात का तेही पाहा. यातलं काहीही सापडलं तर प्रश्न मिटला. पण काही सापडलं नाही म्हणून हेल्मेट चांगलं ठरत नाही. थर कवचाच्या बाजूने, जिथे नजर पोचत नाही तिथेही दबलेला असू शकतो. या तपासणीने हेल्मेट नापास करता येतं, पास करता येत नाही. म्हणून डोकं आत असताना रस्त्यावर आपटलेलं हेल्मेट दिसण्यावरून ठरवू नये, ते कसं पडलं त्यावरून ठरवावं.

तुझ्या सहकाऱ्याचा नियम बरोबर आहे, पण तो फार सरसकट लावला तर लोक घाबरून तरी जातात किंवा कंटाळून सगळंच सोडून देतात. सीटवर ठेवलेलं रिकामं हेल्मेट खाली पडलं की ते बाद झालं, असं काही नाही. त्यात डोकं नसतं. आतून थर दाबायला चार-पाच किलोचं वजन नसतं, हेल्मेट टणकन उडतं आणि थांबतं. अमेरिकेतली स्नेल ही हेल्मेट तपासणारी संस्थाही हेच सांगते की खरं नुकसान डोकं आत असताना होतं. अशा वेळी पट्टा, काच, चीर बघावी आणि वापरावं. मात्र रोज पाडत राहू नये. आपण सगळे स्कूटरच्या आरशावर हेल्मेट अडकवतो, ती सवय मात्र मोडावी. आरशाचं टोक रोज त्याच जागी टोचत राहतं आणि थर्माकोलला आतून खळगा पडतो. बोट फिरवलंस तर तुझ्याही हेल्मेटमध्ये तो लागेल कदाचित.

बाबांना एक प्रश्न नक्की पडेल: डावी बाजू दबली, उजवी तर शाबूत आहे ना? आहेही. पण पुढच्या वेळी कुठल्या बाजूला पडायचं ते आपल्या हातात नसतं.

आता बहिणीचं. ‘मागे बसणाऱ्याला एवढं चालतं ना’ हे वाचून मला जरा वाईट वाटलं, कारण तू ते मायेनेच लिहिलं आहेस. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, असं तुझ्या मनात असणार. पण तू घसरलीस त्या क्षणी ती मागे असती तर तीही तेवढ्याच उंचीवरून, त्याच रस्त्यावर पडली असती. उलट हँडल हातात असणाऱ्याला निदान गाडी जातेय हे आधी कळतं, मागच्याला काहीच कळत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली हेल्मेट नसताना दुचाकी अपघातांत गेलेल्या ५० हजार माणसांपैकी १४ हजारांहून जास्त मागे बसलेली होती. कायद्यातही पुढचा-मागचा असा भेद नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे. आणखी एक गोष्ट: तुझं हेल्मेट तुझ्या डोक्याच्या मापाचं आहे, तिच्या नव्हे.

हेल्मेट एखाद्या गरजूला देऊन टाकावं, असंही काहींना वाटतं. त्याला ते पडलेलं आहे हे माहीत नसणार. जे बहिणीला द्यायचं नाही ते त्यालाही देऊ नये.

बाबांचं काय करायचं, हा तुझ्यासाठी यातला सगळ्यात अवघड भाग असावा. पत्रात तू तीनदा लिहिलं आहेस की हेल्मेट त्यांनी घेऊन दिलंय. मला वाटतं, बाबा ३८०० रुपयांना चिकटून बसलेले नाहीत. मुलीला आपण चांगलं काहीतरी दिलं आणि ते तीन वर्षांत टाकायला निघालं, हे त्यांना पटत नाही. त्यांना सांग की पैसे फुकट गेले नाहीत, त्या संध्याकाळी कामी आले. त्यांच्यासमोर अस्तर काढ आणि तो थर हातात दे. बापमाणसं समजावण्यापेक्षा दाखवण्याने लवकर मानतात. आणि एक मधला रस्ता आहे: नवीन हेल्मेट आणायला त्यांनाच बरोबर ने. यात त्यांना दुखवायला नको म्हणून जुनं वापरत राहण्याचा पर्याय मी धरतच नाही.

पैशांची अडचण असेल तर ऐक. पुन्हा ३८०० चंच घ्यायला हवं असं मुळीच नाही. भारतीय मानक ‘आयएस ४१५१’ ची खूण असलेलं पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट हजार-दीड हजारात मिळतं आणि ते भारी हेल्मेटसारखीच आयएसआय चाचणी देऊन आलेलं असतं. जास्तीचे पैसे जातात ते वारा खेळायला, अस्तराच्या मऊपणाला, हलक्या कवचाला, रंगाला. लांबच्या प्रवासात त्याचा फरक पडतो, हे खरं. पण तू विचारतेयस त्या कोंडीत माझा कौल असा: एकाच्या पैशांत दोन घे, एक तुला आणि एक बहिणीला.

खूण मात्र नीट बघ. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला दोनशे-अडीचशेला हेल्मेट टांगलेली दिसतात आणि त्यांवर खुणेचं स्टिकरही असतं. खऱ्या खुणेजवळ ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे.

मापात लोक सैल हेल्मेट घेतात, विशेषतः बायका, कारण आंबाडा किंवा क्लिप मध्ये येते. केस खाली, मानेपाशी बांधून हेल्मेट घालून बघ. गाल दोन्ही बाजूंनी दाबले जायला हवेत, हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवलं तर कपाळाची कातडी बरोबर ओढली गेली पाहिजे. पट्टा लावून मागून पुढे ढकललं तर ते डोक्यावरून निसटता कामा नये. एखाद्या ठिकाणी खुपत असेल तर दुसरं मॉडेल घे, मोठा साइज घेऊ नकोस. पाच-दहा मिनिटं दुकानातच घालून बस. खुपणं तेवढ्या वेळाने कळतं.

जुनं हेल्मेट भंगारात टाकण्याआधी कात्रीने किंवा ब्लेडने त्याचा पट्टा काप आणि आतला थर उचकटून बाहेर काढ. धड दिसणारं हेल्मेट भंगारातून पुसून पुन्हा आठवडी बाजारात विकायला येऊ शकतं. आठवण म्हणून ठेवायचंच असेल तर ठेव, पण पट्टा कापूनच. नाहीतर दोन वर्षांनी घरातलं कोणीतरी घाईत तेच डोक्यावर चढवेल.

सायकल चालवणाऱ्या वाचकांसाठीही एवढं इथेच. तुमच्या हेल्मेटवर कवच नावापुरतंच असतं, जवळपास सगळं थर्माकोलच. डोकं आपटून पडलात तर ते बदलाच; मुलांच्या बाबतीत तर मूल ‘काही नाही झालं’ म्हणालं तरी. आणि कधीच न आपटलेलं हेल्मेटही घाम, केसांचं तेल आणि उन्हाने जुनं होतं. स्नेल संस्था पाच वर्षांनी बदलायला सांगते. घेतल्याची तारीख आत पेनने लिहून ठेवावी.

राहिला एक प्रश्न, जो तू विचारला नाहीस: नवीन येईपर्यंत काय? गेले दहा दिवस तू हेच घालून जातेयस. दबलेलं हेल्मेटही उघड्या डोक्यापेक्षा बरंच, त्यामुळे ते घरी ठेवून बोडक्याने निघू नकोस. पण खरं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत तू स्कूटर चालवूच नयेस. हादऱ्यातून सावरत असलेल्या मेंदूला दुसरा मार सोसत नाही. उसाचा हंगाम आहे, तुझ्या रस्त्यावर अजून रोज कांड्या पडत असणार. तोवर बहिणीबरोबर एसटी स्टँडवर चालत जा आणि पतसंस्थेलाही एसटीनेच जा. उशीर होत असेल तर साहेबांना आधी सांगून ठेव.